उशाशी नसलेला पाळक

यंदा थंडी उशिरा आली, पण आली. संक्रांत होऊन गेली तरी घरात पंखा चालू होता, शेजारचे काका गच्चीवर बनियनवर पतंग उडवत होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, चला, यंदा बहुतेक चुकली. मग एका सकाळी नळाचं पाणी बोटांना चावलं. त्याच दुपारी एका आजारी माणसाला भेटायला दौलताबादकडे निघालो होतो, तर किल्ल्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या. गोवऱ्यांचा धूर, भाजलेल्या ज्वारीचा गोडसर वास, मोटारीतून उतरून हात शेकत उभी राहिलेली शहरातली माणसं. लोकांना या वासानं भूक लागते. मला गेल्या वर्षापासून तो नकोसा झालाय. मी स्कूटर बाजूला घेतली आणि नुसता उभा राहिलो.

"हुरडा देऊ का, भाऊ? लई कवळा हाय," आगटीजवळची बाई म्हणाली.

"नको."

"मग आगटीपाशी तरी बसा की. गारठलाव पार."

मी बसलो नाही. तिथून डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो. डोंगराच्या पायथ्याशी सीताफळीची बाग आहे आणि बागेच्या पलीकडे कॅथलिक साधूंचा मठ. वर्षभर मी त्या रस्त्याकडे बघायचं टाळत आलोय. त्या दिवशीही मान न वळवता निघून गेलो.

मी पाळक आहे. म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळीचा धर्मगुरू. लग्न करणारा, संसार करणारा, रविवारी उपदेश करणारा आणि सोमवारी मंडळीतल्या कुणाच्या तरी पोराच्या अॅडमिशनसाठी उन्हातान्हात फिरणारा. आमच्या सिडकोतल्या शेजाऱ्यांना हे बारकावे कळत नाहीत आणि कळावेत अशी माझी अपेक्षाही नाही. शेजारचे काका मला वर्षानुवर्षं "फादर, मिसेसना नमस्कार सांगा" असं म्हणत आले, आणि या वाक्यात काही गडबड आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही. फादरला मिसेस नसते, काका. ज्याला मिसेस असते तो पाळक. एवढाच फरक असता तर किती बरं झालं असतं.

माझी मिसेस म्हणजे सरोज. वैजापूरकडची. मंडळी तिला पाळकीणबाई म्हणायची, आणि पाळकीणबाईला पगार नसतो, काम मात्र पाळकाच्या दुप्पट असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आदल्या संध्याकाळी सरोज बेकरीतून न कापलेला ब्रेड आणायची, ओट्यावर स्वच्छ फडकं अंथरायची आणि कडा काढून त्याचे बोराएवढे तुकडे करायची. दुसऱ्या दिवशी मी त्याच तुकड्यांवर प्रार्थना करायचो आणि मंडळी डोळे मिटून ते घ्यायची. उरलेल्या कडांना ती कांदा-मोहरीची फोडणी द्यायची. अमोल लहान असताना त्याला चर्चपेक्षा या कडांचंच जास्त वेड होतं.

आणखी एक सवय होती तिची. पाळकाला घरी यायची वेळ नसते. कुणाचं भांडण, कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत. मी वेळेवर आलो नाही की ती शेवटची गरम भाकरी मोडायची, अर्धी स्वतः खायची आणि अर्धी माझ्यासाठी ताटलीखाली झाकून ठेवायची. डब्यात चांगल्या चार भाकरी असल्या तरी ही अर्धी वेगळी. "तुम्ही नसला तरी मी तुमच्यासंगंच जेवले," असं तिचं त्यामागचं तत्त्वज्ञान. मी हसायचो आणि ती वातड झालेली अर्धी मुकाट्यानं खायचो.

अमोल आमचा एकुलता एक. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा सरोजनं देवाला शब्द दिला होता, पोरगं दे, तुझं तुलाच परत करीन. आम्हा दोघांनाही वाटायचं, याचा अर्थ तो माझ्यामागं पाळक होणार. त्यानं डिप्लोमा केला, चिकलठाण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. एकदा मठातल्या विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला गेला आणि काही महिन्यांनी तिथंच राहायला गेला. मोटर दुरुस्त झाली, पोरगं गेलं, असं मी लोकांना चेष्टेनं सांगायचो. आतून जळायचो. आमच्या मंडळीतल्या एका पंचांनी मला तोंडावर विचारलं होतं, "पाळकसाहेब, आपलंच लेकरू रोमनवाल्यात गेलं, आता आम्हाला काय उपदेश करणार?" सरोजला मात्र यात काहीच अडचण दिसली नाही. "देवाचं देवाच्या घरी गेलं. खोली बदलली म्हणून घर बदललं व्हय?" एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली.

खोल्यांना दारं असतात आणि दारांना कड्या असतात, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. मलाही पुस्तकी माहीत होतं, तेवढंच.

मठातल्या काही वर्षांच्या अभ्यासानंतर अमोलची याजकदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा विधी, येत्या जानेवारीच्या अखेरीस करायचं पावसाळ्यात ठरलं आणि त्याच पावसाळ्यात सरोजच्या पोटातलं दुखणं काय आहे ते कळलं. मी आजाराचं नाव इथं लिहीत नाही. दिवाळीपर्यंत डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी घेऊन जा म्हणाले. नाताळात मी चर्चमध्ये तारे टांगत होतो, पोरांच्या नाटिका बसवत होतो, आणि घरी सरोज भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिची धाकटी बहीण कुसुम वैजापूरहून येऊन राहिली होती. त्या दिवसांत सरोजनं एकच गोष्ट मागितली. जेवण नाही, औषध नाही, गावाकडची माती नाही.

"अमोल फादर झाला की त्याच्या हातचं मला घ्यायचंय. एकदाच."

त्याच्या हातचं म्हणजे मिस्सेतली, कॅथलिकांच्या उपासनेतली, पवित्र भाकर. पापडासारखी पातळ, पांढरी चकती असते ती. आम्ही त्यांच्याकडची घेऊ शकत नाही, तो आमच्याकडची घेऊ शकत नाही. त्यांच्या लेखी ते साक्षात प्रभूचं शरीर आहे, आणि जो त्यांच्या मंडळीत नाही त्याला ते देत नाहीत. मला राग आला, तो कशाला लपवू? उभ्या संसारात हिनं माझ्या हातचं घेतलं, ते पुरलं नाही का, असं वाटलं. मग एका सकाळी तिला चमच्यानं पाणी पाजताना तो राग आपोआप गळून पडला. मरणाऱ्या बाईशी कसली स्पर्धा करायची.

"मग तू त्यांच्यातच हो ना," मी म्हणालो. "आजारी माणसाला ते घरी येऊन घेतात मंडळीत."

"पाळकाची बायको हाय मी. मरताना दावं तोडू व्हय?" ती म्हणाली. थोड्या वेळानं डोळे न उघडता पुढं म्हणाली, "दोन्ही पाहिजे मला. तुम्ही बी आन् तो बी."

अमोलकडून नियम मोडून घेण्यात अर्थ नव्हता. तो मूळचा नट-बोल्टातला माणूस, एक आटा चुकला तर सगळं मशीन खडखडतं हे त्याच्या रक्तात. म्हणून मी मठात गेलो आणि तिथल्या प्रमुखांना भेटलो. सगळे त्यांना मोठे फादर म्हणतात. मूळचे वसईकडचे, उंच, वाकलेले, फार हळू बोलणारे. त्यांनी मला स्वतः चहा ओतून दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"एक वाट आहे," ते म्हणाले. "मरणाच्या दारात असलेल्या दुसऱ्या मंडळीच्या ख्रिस्ती माणसानं आपण होऊन मागितलं, त्याचा त्यावर विश्वास असला, तर आम्ही देऊ शकतो. पण एक अट आहे. त्या माणसाला स्वतःच्या मंडळीचा पाळक मिळणं शक्य नसलं पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाळकसाहेब, नियम तुमच्यापाशी येऊन अडतो. त्यांचा पाळक तर रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसलाय."

बाहेर गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"आणि पाळक उशाशी नसला तर? तो स्वयंपाकघरात जाऊन बसला तर?"

ते हसले नाहीत. "स्वयंपाकघरातून हाक ऐकू येते," एवढंच म्हणाले. मग त्यांनी कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "दीक्षाविधीच्या आठवड्यात आमच्याकडे मौनसाधना असते. बुधवारी संध्याकाळी माणूस आत येतो, रविवारी दुपारी बाहेर पडतो. फोन फाटकावर जमा करतो. आत गेलेल्याला बाहेरचा निरोप दिला जात नाही, मग काहीही होवो. एक खोली रिकामी आहे."

मी समजलो. तेही समजले की मी समजलो. आम्ही दोघं आपापल्या मंडळीत मुरलेली माणसं, याहून जास्त बोललो असतो तर दोघांनाही ते ऐकवलं नसतं.

सरोजला मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. "पोराच्या दीक्षेआधी चार दिवस मठात राहायचं असतं बापानं," अशी थाप मारली. कुसुम माझ्याकडे बघतच राहिली. अशा हालतीत बायकोला सोडून हा माणूस प्रार्थना करायला निघालाय, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी पिशवीत स्वेटर कोंबला, सरोजच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ कोरडं आणि गरम होतं.

"जावा," ती म्हणाली. मग ओठांच्या कोपऱ्यात तिचं ते जुनं हसू आलं. "लवकर या. भाकरी झाकून ठेवीन."

तिला उठून बसवायलाही तेव्हा दोन माणसं लागत होती.

मठातली थंडी वेगळी असते. शहरात थंडीला टीव्हीचा आवाज असतो, शेजाऱ्यांचं खोकणं असतं, पहाटेच्या दूधवाल्याची मोटरसायकल असते. तिथं नुसती थंडी. दगडी खोली, लोखंडी खाट, दोन घोंगड्या, भिंतीवर क्रूस. खिडकीतून मठाची ज्वारी दिसायची, दाणे भरलेली, आणि तिच्यावरून पाखरं हाकायला एक म्हातारे ब्रदर, म्हणजे याजक नसलेले साधू, पत्र्याचा डबा वाजवत फिरायचे. त्या मौनात तो डबाच काय तो बोलायचा. पाळकाचं पोट बोलण्यावर भरतं. मी कधी एवढा गप्प राहिलो नव्हतो. जेवताना कुणीतरी एक जण संताचं चरित्र वाचायचा, बाकीचे मान खाली घालून पिठलं-भाकरी खायचे. मी प्रत्येक घासाला घराचा हिशोब लावायचो. आता कुसुम तिला कुशीवर वळवत असेल. आता ती औषध थुंकून टाकत असेल.

लोकांना वाटतं मठात माणूस प्रार्थना करतो. मला एकही प्रार्थना जमली नाही. दुसऱ्यांच्या खाटेशी बसून मी आयुष्यभर कितीतरी प्रार्थना केल्या. माझी पाळी आली तेव्हा एकच वाक्य निघायचं, शनिवारपर्यंत ठेव. ही काही प्रार्थना नव्हे, ही घासाघीस झाली. साधूंची दफनभूमी जेवणघराच्या वाटेवरच होती. येता-जाता त्यांच्या साध्या सिमेंटच्या क्रूसांवरून नजर जायची आणि मी पुन्हा तेच म्हणायचो. शनिवारपर्यंत.

अमोलही मौनात होता. प्रार्थनेच्या वेळी समोरच्या बाकांवर दिसायचा, बारीक झालेला, गालफडं वर आलेली. आईच्या वळणाचं तोंड. एकदा पाण्याच्या माठापाशी आम्ही समोरासमोर आलो. त्यानं पेला भरून माझ्या हातात दिला. मी तो तिथंच उभ्यानं प्यायलो.

शनिवारी सकाळी मठ ओळखू येईना. सीताफळीच्या बागेत मांडव पडला, वैजापूरकडून जीपा भरभरून माणसं आली, नव्या साड्या, अत्तरं, गजरे, कडेवरची रडणारी पोरं. बँडवाल्यांनी ताशा बडवायला सुरुवात केली तेव्हा पाखरं हाकणाऱ्या ब्रदरांनी आपला डबा खाली ठेवून दिला. बिशप आले. मागच्या बाजूला मोठमोठ्या पातेल्यांत मसालेभात शिजत होता. दीक्षेची चाल अशी की आई-बाप दोन्ही हात धरून मुलाला वेदीपर्यंत नेतात आणि देवाला देतात. अमोलचा उजवा हात मी धरला. डावा हात धरायला कुणी नव्हतं. तो त्यानं तसाच थोडा वर धरून ठेवला आणि आम्ही सगळ्या मांडवातून चालत गेलो. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, मी पायाखालच्या सतरंजीच्या रेघा बघत होतो.

विधीप्रमाणे तो जमिनीवर पालथा पडला. वेदीपुढच्या सतरंजीवर, कपाळ टेकून, आणि सगळे संतांची नावं गाऊ लागले. पालथं पडलेलं स्वतःचं पोर बघणं सोपं नाही. मग बिशपांनी त्याच्या तळहातांना तेल लावलं आणि ते हात पांढऱ्या कापडानं बांधले. हे कापड पुढं आईला द्यायचं असतं. आई मेली की तिच्या हातात ते ठेवून पुरतात, म्हणजे वर गेल्यावर तिला दाखवता येतं की मी एक पोरगं दिलं होतं. मोठ्या फादरांनी मला हे आधीच सांगून ठेवलं होतं. ते सांगताना त्यांनी नजर दुसरीकडे वळवली होती.

भाकर वाटायची वेळ आली. माझ्या रांगेतली माणसं उठली, हात जोडून पुढं गेली. मी बसून राहिलो. येणारे-जाणारे माझ्या गुडघ्यांना घासून जात होते आणि एका म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं, "उठा की, नव्या फादराचे बाप ना तुम्ही?" मी नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं असेल, बापानं एवढं मोठं काय पाप केलंय.

विधी संपल्यावर लोक नव्या फादरापुढे गुडघे टेकून त्याचा पहिला आशीर्वाद घेतात, तळहातांचं चुंबन घेतात. मी गुडघे टेकले नाहीत. तो स्वतः माझ्याजवळ आला, त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणी मी त्याचे विस्कटलेले केस सारखे करायचो तसे माझे केस सारखे केले. हाताला सुगंधी तेलाचा वास येत होता. मागे मठाची जीप सुरूच होती. बाकीच्यांनी जिलेबीवर ताव मारला तरी याला आईसाठी भाकर घेऊन लगेच निघायचं होतं.

"चला ना, पप्पा," तो एकदम म्हणाला. "चला तुम्ही पण."

त्याला सगळं ठाऊक होतं. तरीही तो म्हणाला.

"मी मौनात आहे," मी म्हणालो. "तू जा. ती वाट बघत असेल."

जीप धुरळा उडवत गेली. मांडवात लोक जेवायला बसले. मी खोलीत आलो आणि दार लावलं. माझ्या आयुष्यात मी एवढं मोठं काम कधी केलं नव्हतं, आणि ते काम म्हणजे एका खाटेवर काही न करता बसून राहणं होतं. दुपार कलली, बँड परत गेला, मांडववाले बांबू सोडायला लागले. शेताच्या कडेला कुणीतरी आगटी पेटवली आणि हुरड्याचा धूर खिडकीतून आत आला. मला वाटलं, आता झालं असेल. आता तिनं घेतलं असेल. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला शांत वाटलं. त्या रात्री मी गाढ झोपलो, हे आठवलं की अजूनही झोपेची भीती वाटते.

पहाटेच्या घंटेआधीच दारावर टकटक झाली. मोठे फादर स्वतः आले होते. अंगात कालचेच कपडे. त्यांनी माझा स्वेटर खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला.

मी पोचलो तेव्हा सरोजला जाऊन थोडाच वेळ झाला होता. अंग पुरतं गार झालेलं नव्हतं. अमोल तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता. कुसुम माझ्या अंगावरच आली.

"कितीदा फोन केला म्हाईत हाय का? ते मठातले म्हणायले, आत गेलेल्या माणसाला निरोप देता येत नाय, उद्या दुपारी देऊ! म्हटलं, बाई मरायली! तर म्हणायले, आम्ही प्रार्थना करतो. अमोल निघाला व्हता तुम्हाला आणाया, म्या म्हटलं, तू बी गेलास तर हिच्यापाशी कोण?" मग तिचा आवाज फुटला. "काल दिवेलागणीपासून ती एकच म्हणत व्हती, दाजी. झालं माझं, आता त्यांना बोलवा. झालं माझं, आता त्यांना बोलवा."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मी कशासाठी गेलो, का गेलो, सगळं. माझी थाप तिनं त्या कपाळावरच्या हातातूनच ओळखली असणार. म्हणूनच जावा म्हणाली, लवकर या म्हणाली.

फाटकावर फोन उचलणाऱ्या म्हाताऱ्या ब्रदरांची चूक नव्हती. मोठे फादर बिशपांना पोचवायला गेले होते, ते फार उशिरा परतले, त्यांचीही नव्हती. ज्या नियमानं तिला भाकर मिळवून दिली त्याच नियमानं मला आत कोंडलं. आम्ही दोन जाणत्या माणसांनी बसून मला आत कसं घालायचं ते बिनचूक ठरवलं. ती घेऊन झाल्यावर मला बाहेर कसं काढायचं, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. नियमात वाट शोधणाऱ्यांचं असंच होतं. भाकर घेतल्यावरही बायको एक रात्र जगेल आणि त्या रात्री तिला नवरा लागेल, इतकी साधी गोष्ट.

माती मीच दिली. आमच्या पद्धतीनं, आमच्या कब्रस्तानात. पेटी बंद करताना पंचांना तिच्या हातात ते तेलाचे डाग पडलेलं पांढरं कापड दिसलं.

"हे काय, पाळकसाहेब?"

"पोराचा रुमाल आहे," मी म्हणालो.

माझ्याविरुद्ध बोलायला एवढं हाती लागलं असूनही ते गप्प राहिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तर आता ही थंडी परत आलीय. सरोज नसल्यापासून प्रभुभोजनाचा ब्रेड मीच कापतो. माझे तुकडे वेडेवाकडे होतात, मंडळी समजून घेते. गेल्या शनिवारी संध्याकाळी ओट्यावर फडकं अंथरून कापत होतो, तेवढ्यात अमोल आला. त्याला मठातून दोन दिवसांची सुट्टी मिळाली होती. पायातले बूट काढून तो ओट्याजवळ उभा राहिला आणि लहानपणच्या सवयीनं त्यानं एक कड उचलून तोंडात टाकली. कडांवर कुणाचीच प्रार्थना होत नाही, त्यामुळे त्या त्यालाही चालतात आणि मलाही.

"पप्पा, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "कुसुम मावशीलाही माहीत नाही. ती तेव्हा दिवा लावायला गेली होती."

मी सुरी खाली ठेवली.

"मम्मी दुपारभर ग्लानीत होती. जाग आली तेव्हा मी तिच्या तळहातावर भाकर ठेवली. तिनं ती मोडली. बरोबर मधोमध. अर्धी खाल्ली. अर्धी हातात धरून मला म्हणाली, ही त्यांची. झाकून ठेव."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मी जाऊन तो बंद केला.

"मी म्हटलं, मम्मी, ही झाकून ठेवता येत नाही. असं चालत नाही. तर म्हणाली, का? येतील ना ते. आणि तिनं मूठ मिटून घेतली." अमोलचा आवाज अगदी सपाट होता, मशीनचा बिघाड समजावून सांगावा तसा. "ती तशीच राहू देणं शक्य नव्हतं, पप्पा. ते प्रभूचं शरीर आहे. आणि तुम्हाला देताही आलं नसतं. मला तिची मूठ उघडावी लागली. एकेक बोट. ती सोडत नव्हती. ती अर्धी मीच खाल्ली. मग त्या हातात कापड ठेवलं, म्हणजे मूठ रिकामी वाटू नये."

तू बरोबर केलंस, असं म्हणालो. ते खरंच होतं. त्याच्या जागी मी असतो आणि तो आमच्या प्रभुभोजनातला तुकडा असता, तर मीही नियमच बघितला असता. बाप तसा बेटा. खुर्चीवर बसलो आणि वर्षभर जे डोळ्यांत आलं नव्हतं ते आलं, ओरडून, लाज सोडून. त्यानं मला थांबवलं नाही. आपण फादर आहोत हे विसरून तोही माझ्याबरोबर रडला.

अंधार पडल्यावर आम्ही जेवायला बसलो. भाकरी मीच थापल्या होत्या, एक बाजू जळालेली. अमोलनं स्वतःची म्हणून एक उचलली, मधोमध मोडली. अर्धी आपल्या ताटात घेतली. अर्धी माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर एक ताटली पालथी घातली. मी समोरच बसलो होतो, तरी त्यानं ती झाकली.

मी ताटली उचलली आणि ती अर्धी भाकरी सगळी खाल्ली.